ऑर्गनचे बारा पेच

आमच्या घरी जो ऑर्गन होता, त्याच्या मागची फळी काढली की आत बारा पेच दिसत. सप्तकातल्या बारा सुरांना एकेक. पेच फिरवला की सूर चढायचा किंवा उतरायचा. त्या उन्हाळ्यात मी ते पेच इतक्या वेळा फिरवले, की कुठला कुठे आहे हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. तरी तो ऑर्गन एक दिवससुद्धा मनासारखा लागला नाही. असं का झालं ते मला फार उशिरा कळलं. तोवर मी एका मुलीचं वर्ष वाया घालवून बसले होते.

मी रावेर तालुक्यातल्या, केळी पिकवणाऱ्या घरातली. वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांच्याजवळ बसून मी सूर ओळखायला शिकले. लग्न होऊन जळगावला आले आणि मुलींच्या एका शाळेत संगीत शिकवू लागले. आमचे हे पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. आम्हाला मूलबाळ नव्हतं. शाळेतल्या मुली आणि गाणं, यात माझे दिवस बरे चालले होते.

तिसाव्या वर्षी मला क्षय झाला. रोज एक, अशी तीन महिने इंजेक्शनं घेतली. शेवटी शेवटी कंपाउंडर सुई टोचायला जागा शोधत बसायचा. त्या इंजेक्शनांनीच मी वाचले, हे मी आजही म्हणते. पण उठून हिंडू-फिरू लागले तेव्हा शाळेनं माझ्या जागी दुसरी बाई नेमली होती. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तुम्ही अजून विश्रांती घ्या. मुलींचे पालक जरा घाबरतात." शेजारच्या बायका दारातूनच चौकशी करून जात. आमच्याकडे चहा घेत नसत. मला खोकला येत नव्हता, ताप येत नव्हता, डॉक्टरांनी बरी झाल्याचं सांगितलं होतं. तरी मी आपली त्या गल्लीतली आजारी बाईच होते.

घरीच गाण्याचा वर्ग काढावा असं मनात आलं. पण पेटीचा भाता मारायला गेलं की दोन मिनिटांत दम लागे. हाताला कापरं भरे. एकदा मी पेटी तशीच उघडी टाकून भिंतीला टेकून रडत बसले होते, ते ह्यांनी पाहिलं. हे पंधरा दिवसांनी कारखान्याच्या कामाला धुळ्याला गेले आणि परत येताना टेम्पोतून तो ऑर्गन घेऊन आले.

धुळ्याच्या एका दवाखान्यातली परदेशी नर्सबाई निवृत्त होऊन मायदेशी निघाली होती. तिच्या घरात ही वस्तू वीस-बावीस वर्षं होती. विकायची म्हणण्यापेक्षा कुणीतरी वाजवणाऱ्यानं न्यावी, एवढंच तिला हवं होतं. विजेवर चालणारा, लाकडी, टेबलाएवढा, वर पट्ट्यांच्या दोन ओळी, खाली पायानं दाबायच्या लांब पट्ट्या. आपल्याकडची वीज त्याला जास्त व्हायची, म्हणून बरोबर एक जड ट्रान्सफॉर्मर होता.

"याला भाता नाही," हे म्हणाले. "बटण लावायचं आणि बोटं ठेवायची. दम लागायचा प्रश्नच नाही."

ऑर्गनबरोबर टेम्पोत एक म्हातारे गृहस्थही आले होते. धुळ्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि नर्सबाईंचा ऑर्गन इतकी वर्षं तेच बघत आले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी वायरी जोडल्या, मागची फळी काढली आणि मला जवळ बोलावलं.

"बाई, इले ऊन सोसावत नही," ते अहिराणीत म्हणाले. "उन्हाळामा सूर जरासा सरकी जास. तवय हाऊ काटा वाजाडा, नि पेच फिराईसन मिळाई ल्या. पण लोखंडना पेचकस लावू नका. लोखंड जवळ उनं का सूर बदलस."

त्यांनी मला दोन वस्तू दिल्या. एक पोलादी स्वरकाटा, जो गुडघ्यावर आपटला की पांढरी सहाचा, म्हणजे सप्तकातल्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचा, सूर देई. आणि एक स्वेटर विणायची प्लास्टिकची सुई, टोकाशी कानशीनं घासून चपटी केलेली. तिनं पेच फिरवायचे. पांढरी सहा काट्याशी जुळवायची आणि बाकीचे अकरा सूर त्याच्यावरून कानानं लावायचे. मला त्यात काही अवघड वाटलं नाही. कान हीच तर माझी मिळकत होती.

फेब्रुवारीत वर्ग सुरू झाला. सहा मुली येऊ लागल्या. त्यांतली एक तेरा वर्षांची होती, तिच्याविषयी मला सांगायचं आहे. तिची आई डाळीच्या मिलमध्ये डाळ निवडायला जायची. वडील नव्हते. आईनं पहिल्या दिवशी मुलीला पुढे करून सांगितलं, "बाई, हिला गाण्याची परीक्षा द्यायची आहे. पास होत गेली तर पुढे शाळेत बाईची नोकरी लागेल ना?" मी म्हटलं, लागेल. मुलगी खाली बघत उभी होती. मी ऑर्गनवर पांढरी सहा दाबली आणि म्हटलं, "सा लाव." तिनं लावला. मी पट्टीवरून बोट काढलं तरी तिचा सूर जागचा हलला नाही. इतक्या वर्षांत असा गळा माझ्याकडे आला नव्हता.

परीक्षा मेच्या सुरुवातीला होती. मी तिला भूप द्यायचं ठरवलं. पाचच स्वर, पण ते नेमके लागायला हवेत. तिचा आवाज पांढरी सहाला चांगला बसे, म्हणून तोच षड्ज धरला. ती संध्याकाळी शाळेतून थेट यायची, माझ्या हातचं काहीतरी खायची आणि गायला बसायची. त्या गल्लीत येऊन आमच्या घरात खाणारी ती एकटीच होती.

मार्चमध्ये ऊन तापू लागलं आणि एक दिवस मला गंधार उतरल्यासारखा वाटला.

आबांनी सांगितलंच होतं. मी फळी काढली, सुई घेतली, गंधाराचा पेच जरासा फिरवला. जुळला. समाधानानं फळी लावून टाकली. चार दिवसांनी पंचम उतरलेला वाटला. तोही चढवला. मग धैवत. काटा वाजवून पाहिला तर पांढरी सहा बरोबर होती, म्हणजे षड्ज जागेवर होता आणि बाकीचे स्वर त्याच्यापासून सरकत होते. मला वाटलं, जुनी वस्तू, जळगावचा उन्हाळा, असं व्हायचंच.

एप्रिल उजाडला तेव्हा मी रोज पेच फिरवत होते. घरातली कामं आटोपली की फळी काढायची आणि त्या पेचांपुढे जमिनीवर बसायचं. पट्टी दाबायला उठायचं, ऐकायचं, खाली बसायचं, फिरवायचं, पुन्हा उठायचं. पत्र्याखाली खोली भट्टीसारखी तापलेली. पंख्याच्या आवाजात सूर ऐकू येत नाही म्हणून पंखा बंद. घामानं सुई बोटांतून निसटायची. सगळ्यात वाईट म्हणजे, मधल्या सप्तकातला गंधार जुळला की वरच्या सप्तकातला बिघडायचा. वरचा लावला की मधला जायचा. दोघांना पेच एकच. मी तासन्‌तास त्या दोघांच्या मधे येरझाऱ्या घातल्या. आणि आवाजसुद्धा पूर्वीसारखा राहिला नव्हता. एकच पट्टी दाबली तरी दोन पट्ट्या दाबल्यासारखा फाटका यायचा.

दुपारी वीज गेली की मला रडू कोसळायचं. वीज येईपर्यंत मी तिथेच फरशीवर बसून राहायचे. कानात रातकिडा ओरडल्यासारखा आवाज सारखा चालू असे. तो अशक्तपणा असेल म्हणून मी सोडून दिलं होतं.

त्याच सुमारास मी रेडिओही दुरुस्तीला दिला. सकाळची गाणी बेसूर लागत होती. दुकानदारानं दोन दिवसांनी परत आणून दिला, म्हणाला, "ताई, यात काही बिघाड नाही." मी त्याच्याशी भांडले.

आणि मुली बेसूर गायला लागल्या. निदान मला तसं ऐकू येत होतं. त्या लहान मुलींचं मी समजू शकत होते. पण माझी ती हुशार विद्यार्थिनीही गंधार खाली लावू लागली. मी ऑर्गनवर गंधार धरून ठेवायचे आणि म्हणायचे, "हा बघ. याच्यात मिसळ." ती थांबायची, ऐकायची, माझ्या तोंडाकडे बघायची.

"बाई, हा जरा वर नाही का?" एकदा तिनं विचारलं.

"वर? मी सकाळीच लावलाय. तू खाली गातेस."

"हो बाई."

तिनं पुन्हा लावला, पुन्हा तिथेच. मी फुटपट्टी उचलली आणि तिच्या हातावर मारली. कधी कुणा मुलीला मारलं नव्हतं मी. तिनं हात मागे घेतला नाही. डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं तिसऱ्यांदा गंधार लावला आणि या वेळी तो ऑर्गनमध्ये बरोबर मिसळला. "बघ, येतो की नाही?" मी म्हटलं. त्या दिवसापासून ती कधी चुकली नाही. जसा ऑर्गन वाजेल तसं तंतोतंत गाऊ लागली.

एका संध्याकाळी हे जेवताना म्हणाले, "अगं, एक विचारू? ऑर्गन बिघडला, रेडिओ बिघडला, मुलींचे गळेही बिघडले. सगळं एकाच वेळी कसं बिघडेल?"

"तुम्हाला गाण्यातलं काय कळतं?" मी एवढ्या जोरात ओरडले की ते ताटावरून उठले. हात धुऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. खरं तर त्यांच्या त्या बोलण्यानं मलाही शंका आली होती. पण तो विचार मी पुढे जाऊ दिला नाही. पुढे काय आहे ते बघायची माझी हिंमत नव्हती. शाळा गेली होती, माणसं दुरावली होती. आता माझ्याकडे उरलं होतं ते एवढंच.

परीक्षेच्या दिवशी मी तिला घेऊन गेले. एका शाळेच्या वर्गात परीक्षक बसले होते, बाजूला तबलेवाला आणि पेटीवाला. पालकांना आणि शिक्षकांना बाहेर थांबायचं होतं. खिडकी उघडी होती. तिनं षड्ज लावला. मग भूपाची सुरुवात केली आणि एका मिनिटात पेटी थांबली. पेटीवाला काहीतरी म्हणाला. परीक्षकांनी तिला पुन्हा गायला सांगितलं. पुन्हा पेटी थांबली. तिसऱ्यांदा त्यांनी तिला पेटीशिवाय गायला लावलं.

बाहेर मला वाटत होतं, पेटी बेसूर आहे. मी मनातल्या मनात त्या पेटीवाल्याला शिव्या देत होते.

परीक्षकांचा आवाज खिडकीतून स्पष्ट आला. ते रागावलेले नव्हते, नवल करत होते. "बेटा, सा इतका पक्का आहे तुझा. मग बाकीचे स्वर कुठून आणलेस? कुणी शिकवलं तुला हे?"

तिनं माझं नाव घेतलं नाही. बाहेर आली ती माझ्याकडे न बघता सरळ फाटकाकडे चालायला लागली. रिक्षात आम्ही दोघी शेजारी बसून आलो. तिच्या घराशी उतरताना तिनं वाकून मला नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून सोसत नाही.

संध्याकाळी तिची आई आली, मिलमधून तशीच. डाळीचा कोंडा केसांवर, पदरावर. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, पोरगी जेवत नाही. मला म्हणते, गळाच नाही आई माझ्याकडे. खरंच नाही का हो तिच्याकडे गळा?"

"आहे," मी म्हटलं. "दोष यंत्राचा आहे. मी उद्या धुळ्याला जाऊन ते लावून देणाऱ्याला जाब विचारते."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी खरोखरच एसटीत बसले. एरंडोल, पारोळा, सगळी वाट मी आबांना काय काय बोलायचं ते घोकत होते. तुम्ही आमच्या गळ्यात मोडकी वस्तू मारली. तुमच्यामुळे एका गरीब बाईची पोर नापास झाली. मला यंत्र मोडकं असायला हवं होतं. देवाजवळ मी दुसरं काही मागत नव्हते.

आबांचं दुकान आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत होतं. तीन बाजूंनी उघडे रेडिओ, कथील वितळवून तारा जोडायच्या डाखणकामाचा धूर. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि माझी ऑर्गनबद्दलची तक्रार शांतपणे ऐकून घेतली. मग विचारलं, "सगळात जास्त काय बिघडेल शे?"

"मधला गंधार लावला की वरचा उतरतो. वरचा लावला की मधला चढतो. दोन्ही एकदम जुळतच नाहीत."

त्यांनी हातातली डाखणी खाली ठेवली. "आसं व्हई शकत नही, बाई."

"मी रोज ऐकतेय. दोन महिने."

"तुमी ऐकतस. पण त्या मशीनमा खालला सूर वरलाले अर्ध करीसन बनस. दोन्हीस्ना पेच एकच. वरला सरकना का खालला बी तेवढाच सरकस. एक बरोबर नि दुसरा चूक, आसं त्या मशीनले करताच येत नही." मग त्यांनी विचारलं, "काटा शे का संगे?"

काटा माझ्या पिशवीत होता. पुरावा म्हणून आणला होता. आबांनी तो टेबलाच्या कडेवर आपटला आणि माझ्या डाव्या कानाशी धरला.

"काय वाजस?"

"पांढरी सहा."

त्यांनी काटा पुन्हा आपटला आणि माझ्या मागून हात नेऊन उजव्या कानाशी धरला.

दुसराच सूर वाजला. थोडा नाही, चांगला अर्ध्या सुरानं खाली, आणि मातकट. मी वळून पाहिलं. मला वाटलं त्यांनी काटा बदलला. त्यांच्या हातात तोच होता.

"पुन्हा," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा वाजवला. डावीकडे एक, उजवीकडे दुसरा. मी काटा त्यांच्या हातातून घेतला, स्वतः गुडघ्यावर आपटला, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे नेला. परत डावीकडे. परत उजवीकडे. किती वेळा केलं कुणास ठाऊक. समोरच्या दुकानातला माणूस बघायला लागला. शेवटी आबांनी माझं मनगट धरलं.

"बाई. मशीनले काहीबी व्हयेल नही शे."

मला ते तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हटलं, "काटा वाकला असेल."

"पोलादना शे तो," ते हळूच म्हणाले. त्यांनी दुकान बंद केलं, मला स्टँडपर्यंत सोडायला आले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. वाटभर घोकलेल्या आरोपांतला एकही शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता.

त्याच आठवड्यात हे मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आजाराची सगळी हकिकत विचारली, इंजेक्शनांचं नाव ऐकलं आणि मान हलवली. म्हणाले, काही माणसांच्या कानाच्या आतल्या भागाला त्या औषधानं इजा होते. बोलणं ऐकू येतं, पण सूर जागा सोडतात, आणि दोन्ही कानांत सारखे सोडत नाहीत. ह्यांनी विचारलं, "औषध?" डॉक्टर म्हणाले, "याला औषध नाही. वाढू नये एवढंच म्हणायचं." आणि मग मला बरं वाटावं म्हणून असेल, म्हणाले, "बाई, त्यानं तुमचा जीव वाचलाय, हे लक्षात घ्या."

मी घरी आले आणि चार दिवस अंथरुणातून उठले नाही. जीव वाचला ते खरं होतं. पण त्या चार दिवसांत तो कशासाठी वाचवला ते मला समजत नव्हतं. वर्गाच्या मुली दारात येऊन परत जात. हे त्यांना काहीतरी सांगत. मी भिंतीकडे तोंड करून दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून पडून राहायचे. बोळे घातले तरी तो रातकिडा थांबायचा नाही, तो आतच होता. एका दुपारी माझ्या मनात असंही आलं, की स्वयंपाकघरात रॉकेलचा डबा आहे. मी उठून तो डबा बाहेर अंगणात नेऊन ठेवला आणि ह्यांना कारखान्यातून येताच सांगितलं. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून रजा घेतली. उपदेश केला नाही. माझ्याशेजारी बसून भाजी निवडायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे.

पाचव्या दिवशी त्यांनीच म्हटलं, "त्या पोरीला सांगायला हवं. ती समजतेय, तिच्याकडेच गळा नाही."

हे ऐकल्यावर मला उठणं भाग होतं.

त्यांच्या एका खोलीत मी जमिनीवर बसले आणि दोघींना सगळं सांगितलं. आजार, इंजेक्शनं, पेच, काटा. "चूक माझी होती," मी मुलीला म्हटलं. "तू बरोबर गात होतीस. मी तुला मारून चुकीचं शिकवलं."

ती पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडत होती. म्हणाली, "मला माहीत होतं बाई."

"काय माहीत होतं?"

"ऑर्गन वर लागलाय ते. सगळ्यांनाच माहीत होतं. धाकट्या पोरी हसायच्या."

"मग तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते ना एकदा." मग म्हणाली, "मला वाटलं, मोठं गाणं असंच असेल. तुम्हाला जास्त कळतं."

तिची आई तोंडावर पदर धरून रडायला लागली. मी मुलीपुढे हात जोडले. तिला ते आवडलं नाही, ती उठून बाहेर निघून गेली. मला वाटलं, संपलं. मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दारात उभी होती. म्हणाली, "आई म्हणाली, बाईंना विचार काही काम आहे का."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "ऑर्गन लावायचा आहे. तू ऐक, मी पेच फिरवते."

ती पट्ट्यांपुढे बसली, मी मागे फरशीवर. हे ट्रान्सफॉर्मरपाशी उभे राहून बघत होते. आधी काट्यानं पांढरी सहा पाहिली. ती जागेवरच होती, कारण तेवढी एकच मी काट्याशी जुळवत आले होते. मग तिनं पंचम धरला. "खाली, बाई. अजून. अजून थोडा. आता जास्त झाला. बस." मला तो पंचम भयंकर बेसूर ऐकू येत होता. माझे हात तो पेच परत फिरवायला शिवशिवत होते. मी सुई दुसऱ्या पेचाकडे नेली. असे अकरा सूर. प्रत्येक वेळी ती "बस" म्हणायची आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं की आपण चांगली वस्तू नासवतोय. संपवून उठलो तेव्हा ती भूप गायली, ऑर्गनवर एक बोट ठेवून. तिचा चेहरा खुलला. मी त्या चेहऱ्याकडे बघून ओळखलं की जुळलं. कानांनी मला काही सांगितलं नाही. कानांनी सांगितलं ते उलटंच होतं.

मी वर्ग बंद केला. शनिपेठेच्या बाजूला एक वयस्कर गवई शिकवायचे. त्यांच्याकडे मी तिला स्वतः घेऊन गेले आणि हिच्या स्वरांत काही खोट दिसली तर ती माझी समजा, असं त्यांना सांगून आले. चुकीचे स्वर तिच्या गळ्यातून जायला सहा-सात महिने लागले म्हणे. पुढच्या वर्षी ती पास झाली. पेढे घेऊन आली आणि आईच्या आग्रहावरून अंगणात गायली. मला अर्ध्यातच ऐकवेना. मी चहाचं निमित्त करून आत गेले आणि चहा उकळून उकळून कडू होईपर्यंत बाहेर आले नाही. तिला काय वाटलं असेल ते मी कधी विचारलं नाही.

तीन वर्षांनी माझा उजवा कान पार बंद झाला. सगळे हळहळले. मी मात्र मनातून सुटले, कारण दोन-दोन सूर ऐकू येणं थांबलं. एकच सूर, चुकीचा का असेना. हे मी ह्यांनाही सांगितलं नाही, इतकं ते मला लाजिरवाणं वाटलं.

नंतर आमच्या भागात बालवाडी निघाली, तिथे मला काम मिळालं. चार वर्षांची मुलं कशीही ओरडून गातात आणि कुणी त्यांना सूर विचारत नाही. मी त्यांच्यापुढे उभी राहते, टाळ्या देते, हावभाव करते, आवाज न काढता नुसते ओठ हलवते. एकदा एका मुलीनं माझ्या तोंडाजवळ कान आणून विचारलं, "बाई, तुमचा आवाज कुठंय?" मी तिला उचलून घेतलं आणि म्हटलं, "तू मोठ्यानं म्हण, म्हणजे मला ऐकू येईल."